‘वॉल्स ऑफ जेरिको’ : हेलोवीनचा पहिला अल्बम

‘वॉल्स ऑफ जेरिको’ हा हॅम्बर्गच्या हेलोवीन या बँडचा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम. १९८५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पश्चिम बर्लिनमधल्या म्युझिकलॅब या स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला आणि वर्ष संपायच्या आत नॉइझ रेकॉर्ड्सने तो बाजारात आणला. काई हान्सेन गायचा आणि गिटार वाजवायचा, दुसरी गिटार मायकेल वाइकाथकडे होती, बेसवर मार्कुस ग्रोसकोफ आणि ड्रमवर इंगो श्विख्टेनबर्ग. चौघांमध्ये वयाने मोठा असलेला वाइकाथ तेव्हा तेवीस वर्षांचा होता. ग्रोसकोफ आणि श्विख्टेनबर्ग जेमतेम विशीत होते. पुढे ‘पॉवर मेटल’ या नावाने युरोपभर, जपानमध्ये आणि ब्राझीलमध्ये जी गायन-वादनाची शाखा फोफावली, तिचे मूळ शोधताना बहुतेक लोक हेलोवीनच्या १९८७ आणि १९८८च्या ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’ या दोन भागांपाशी थांबतात. प्रत्यक्षात मूळ शोध त्याआधीच, या खडबडीत पहिल्या अल्बममध्ये लागलेला होता. ‘कीपर’ने त्याला झळाळी दिली.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन हेवी मेटल म्हटले की दोनच नावे पुढे येत. हॅनोव्हरचा स्कॉर्पियन्स आणि झोलिंगेनचा अॅक्सेप्ट. स्कॉर्पियन्स तोवर अमेरिकेच्या मोठ्या प्रेक्षागारांकडे निघाला होता. अॅक्सेप्टने मात्र १९८२च्या ‘रेस्टलेस अँड वाइल्ड’ अल्बमच्या तोंडीच ‘फास्ट अॅज अ शार्क’ हे गाणे ठेवले. जुन्या जर्मन लोकगीताची घासलेली तबकडी वाजू लागते, सुई खरवडत बाजूला होते आणि श्टेफान काउफमानचे दोन्ही पायांनी वाजवलेले ड्रम सुरू होतात. तेवढ्या वेगाचे मेटल तोवर फारसे कोणी ऐकलेले नव्हते. इंग्लंडकडून आयर्न मेडन आणि ज्युडास प्रीस्ट यांच्या जोडगिटारी येत होत्या, अमेरिकेकडून १९८३ साली मेटॅलिकाचा ‘किल ’एम ऑल’ आला. त्याच वर्षी डॉर्टमुंडमध्ये ‘रॉक हार्ड’ हे मासिक सुरू झाले. जर्मन पोरांना आता आपल्याच भाषेत या संगीताबद्दल वाचायला मिळू लागले, कॅसेटींची देवाणघेवाण वाढली, आणि गावोगावी तळघरांत बँड उभे राहू लागले.

हान्सेनने १९७८च्या सुमारास पीट झील्क या मित्राबरोबर जेंट्री नावाचा बँड काढला होता. माणसे बदलत गेली, तशी नावेही. आधी सेकंड हेल, मग आयर्न फिस्ट. ग्रोसकोफ आणि श्विख्टेनबर्ग या वाटेवर येऊन मिळाले. वाइकाथ पॉवरफूल नावाच्या दुसऱ्या हॅम्बर्गी बँडमध्ये होता. तो आल्यावर १९८४ साली चौकडी पुरी झाली आणि बँडने हेलोवीन हे नाव घेतले. नावातल्या ‘ओ’च्या जागी भोपळ्याचा चेहरा बसवला गेला. तो चेहरा आजही या बँडची ओळख आहे. हान्सेन आणि वाइकाथ यांचे पिंड वेगळे होते. हान्सेनचा ओढा वेगाकडे आणि आक्रमक रिफकडे, म्हणजे गिटारीवर पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या छोट्या तुकड्यांकडे. वाइकाथ बीटल्सवर वाढलेला. चाल कशी बांधावी, ओळ कुठे वळवावी, ऐकणाऱ्याच्या तोंडी काय राहील, याचा विचार करणारा. पुढे या दोघांचे पटले नाही हे खरे. पण १९८५च्या अल्बमला जे मिळाले ते याच दोन स्वभावांच्या ओढाताणीतून.

हा अल्बम काढणाऱ्या नॉइझ रेकॉर्ड्सचा मालक कार्ल-उलरिश वाल्टरबाख याची वाट मेटलच्या गावाहून आलेली नव्हती. त्याने पश्चिम बर्लिनमध्ये आधी अॅग्रेसिव्ह रॉकप्रोडुक्त्सिओनेन ही पंक संगीताची कंपनी चालवली होती. पश्चिम बर्लिनच्या तरुणांना सक्तीची लष्करी सेवा लागू नव्हती. त्यामुळे ती टाळू पाहणारे, सरकारशी न पटणारे, रिकाम्या इमारती बळकावून राहणारे असंख्य तरुण त्या शहरात गोळा झाले होते. पंकला तिथे कसदार जमीन मिळाली. १९८३ साली वाल्टरबाखने मेटलसाठी नॉइझ ही वेगळी शाखा काढली. पंकमधला ‘स्वतः करा, स्वस्तात करा, कोणाच्या परवानगीची वाट पाहू नका’ हा खाक्या त्याने सोबत आणला. हॅम्बर्गचाच रनिंग वाइल्ड, ग्लाडबेकचा ग्रेव्ह डिगर, एसेनचा क्रिएटर, स्वित्झर्लंडचा सेल्टिक फ्रॉस्ट असे बँड काही महिन्यांच्या अंतराने त्याच्याकडे आले. मोठ्या कंपन्यांनी यांतल्या एकालाही त्या वेळी दारात उभे केले असते असे वाटत नाही.

१९८४ साली नॉइझने ‘डेथ मेटल’ नावाचा एक संकलित अल्बम काढला. त्यात रनिंग वाइल्ड, हेलहॅमर आणि डार्क अॅव्हेंजर यांच्याबरोबर हेलोवीनचीही दोन गाणी होती, ‘अर्न्स्ट ऑफ लाइफ’ आणि ‘मेटल इन्व्हेडर्स’. हेलहॅमरच्या काळोख्या, चिखलात रुतल्यासारख्या नादाशेजारी ही दोन गाणी अगदी परकी वाटतात. संकलनाच्या नावाशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. पण वेग आणि चाल यांची सांगड घालणारी चार मुले हॅम्बर्गमध्ये आहेत एवढे त्यातून कळले. १९८५च्या आरंभी म्युझिकलॅबमध्येच पाच गाण्यांची छोटी तबकडी तयार झाली. तिचे नावही ‘हेलोवीन’च. ‘स्टारलाइट’, ‘मर्डरर’, ‘वॉरियर’, ‘व्हिक्टिम ऑफ फेट’ आणि ‘क्राय फॉर फ्रीडम’. सुरुवातीला कोणीतरी रेडिओची कळ फिरवत आहे असा आवाज येतो आणि मध्येच ‘हॅलोवीन ३’ या १९८२च्या अमेरिकी भयपटातली जाहिरातीची धून कानावर पडते. ती धून बेतली आहे ‘लंडन ब्रिज’ या इंग्रजी बालगीताच्या चालीवर.

ही छोटी तबकडी बरी खपली आणि त्याच वर्षी पूर्ण अल्बम काढायचे ठरले. हॅम्बर्गहून पश्चिम बर्लिनला जायचे म्हणजे तेव्हा पूर्व जर्मनीच्या हद्दीतून जावे लागे. १९८२ साली पूर्ण झालेल्या महामार्गाने सुमारे तीनशे किलोमीटरचा प्रवास. दोन्ही टोकांना तपासणी, मधल्या प्रदेशात वाट सोडून वळायची बंदी. ज्या शहराभोवती काँक्रीटची भिंत उभी होती त्या शहरात जाऊन या मुलांनी जेरिकोच्या भिंतींवर अल्बम केला. बायबलमधल्या यहोशवाच्या ग्रंथात ती कथा आहे. इस्राएली लोक जेरिकोच्या तटाभोवती सहा दिवस रोज एक फेरी मारतात, सातव्या दिवशी सात फेऱ्या. याजक रणशिंगे फुंकतात, लोक एकच गजर करतात आणि तट कोसळतो. नुसत्या आवाजाने भिंत पाडण्याची ही कथा हेवी मेटलच्या बँडला भुरळ घालणार यात नवल नाही. मुखपृष्ठावर उवे कार्चेव्स्कीने रंगवलेला फँगफेस नावाचा राक्षस तट फोडताना दिसतो. पुढच्या अल्बमांवर त्याची जागा भोपळ्यांनी घेतली.

ध्वनिमुद्रणाची सूत्रे हॅरिस जॉन्सकडे होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत क्रिएटरचा ‘प्लेझर टू किल’ आणि कॅनडाच्या व्हॉइव्हॉडचा ‘किलिंग टेक्नॉलॉजी’ असे अल्बम त्याच्याच हाताखाली झाले. थ्रॅश मेटल या वेगवान, आक्रमक प्रकाराचा जर्मनीतला तो विशिष्ट नाद, गिटारी कोरड्या आणि धारदार, ड्रम पुढे, घुमारा कमी, घडवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. ‘वॉल्स ऑफ जेरिको’लाही तोच नाद आहे, आणि इथेच या अल्बमची खरी गंमत आहे. गाण्यांच्या चाली गोड, कित्येकदा उत्सवी; त्या ऐकवल्या गेल्या मात्र थ्रॅशच्या खरखरीत साच्यातून. पुढच्या काळातल्या पॉवर मेटलमध्ये गोडवा राहिला आणि खरखर गेली. तिथे बरेच काही हरवले, असे हा अल्बम ऐकताना पुन्हा पुन्हा जाणवते.

पहिल्या बाजूची सुरुवात अल्बमच्याच नावाच्या छोट्या वाद्यप्रवेशाने होते. रणशिंगांच्या थाटात वाजणारी ती धून म्हणजे पुन्हा ‘लंडन ब्रिज’च. कोसळत्या पुलाचे बालगीत आणि कोसळत्या तटाची कथा यांची अशी गाठ बांधलेली आहे. मग एकदम ‘राइड द स्काय’.

हे गाणे हान्सेनचे. कोंडलेल्या माणसाची पंखांसाठीची तळमळ हा त्याचा विषय. शब्द साधे, तरुण मुलाने लिहावेत तसे. पण रचना पाहण्याजोगी आहे. श्विख्टेनबर्गचे दोन्ही पाय बेस ड्रमवर सोळाव्या मात्रांची अखंड माळ ओवत राहतात. वर गिटारींची रिफ तितक्याच वेगाने धावते. आणि या सगळ्याच्या वर ध्रुवपदाची चाल मात्र संथ, लांब स्वरांची, मोकळ्या आकाशासारखी पसरते. म्हणजे खाली धाव आणि वर विस्तार. थ्रॅश बँड वेग आला की गाण्याला बोलण्याच्या जवळ नेत, शब्दांचा मारा करत. हेलोवीनने वेगावर लांब स्वर ठेवला. हीच ती कल्पना. नंतरच्या शेकडो बँडनी तिच्यावर आपली घरे बांधली. मधल्या भागात दोन गिटारी तिसऱ्या स्वराच्या अंतराने जोडीने धावतात. ही युक्ती आयर्न मेडनकडून, त्याआधी थिन लिझीकडून आलेली; पण दुप्पट वेगात वाजवल्यावर तिचा रंगच बदलतो.

‘रेप्टाइल’ आणि ‘गार्डियन्स’ ही दोन्ही वाइकाथची गाणी. ‘रेप्टाइल’ ही राक्षसी सरपटणाऱ्या प्राण्याची भयकथा आहे, आणि अल्बममधले हे त्यातल्या त्यात साधे गाणे. ‘गार्डियन्स’चे ध्रुवपद मात्र एकदा ऐकले की विसरणे कठीण. वाइकाथचा बीटल्सप्रेमी कान तिथे स्पष्ट कळतो. ‘फँटम्स ऑफ डेथ’ हान्सेनच्या खास घडणीचे आहे, लयीचे पालट जास्त, सोलोंची लांबण जास्त. ‘मेटल इन्व्हेडर्स’ हे संकलनातले जुने गाणे इथे नव्याने वाजवले आहे.

‘गॉर्गर’चा विषय ऐकून आज हसू येईल, पण तो अगदी त्या काळातला आहे. विल्यम्स या अमेरिकी कंपनीने १९७९ साली गॉर्गर नावाचे पिनबॉल यंत्र आणले. बोलणारे ते पहिले पिनबॉल. त्याला सात शब्द येत आणि त्यांचीच उलटसुलट वाक्ये करून ते खेळणाऱ्याला डिवचत असे. त्या यंत्रापुढे नाणी ओतत राहिलेल्या पोराची ही गोष्ट. गाण्याच्या मध्यावर नॉर्वेच्या एडवर्ड ग्रीगने ‘पेअर गिंट’ या नाटकासाठी केलेल्या संगीतातली डोंगरराजाच्या दरबाराची सुप्रसिद्ध धून गिटारींवर वाजते. ट्रोलांच्या दरबारात सापडलेला पेअर आणि पिनबॉलच्या राक्षसापुढे सापडलेला पोरगा, ही जुळणी मजेची आहेच, शिवाय ती बँडचा स्वभावही सांगते. शास्त्रीय संगीतातल्या धुनी वापरताना पुढच्या पॉवर मेटल बँडना भारदस्त व्हायची हौस असे. इथे तीच सामग्री खेळकरपणाने येते. ‘हेवी मेटल इज द लॉ’ या गाण्याला मात्र घोषणेपलीकडे फारसे काही नाही. मैफलीत हजारो कंठांनी म्हणायला ते उत्तम. अल्बममध्ये ते शेवटच्या गाण्याआधीचा विसावा ठरते.

आणि ते शेवटचे गाणे म्हणजे ‘हाऊ मेनी टिअर्स’. सात मिनिटांहून थोडे मोठे, पूर्णपणे वाइकाथचे. ते समजायला १९८५चे पश्चिम जर्मनी लक्षात घ्यावे लागते. नाटोच्या निर्णयानुसार अमेरिकेची पर्शिंग २ क्षेपणास्त्रे देशात ठेवायला बुंडेस्टाग या तिथल्या संसदेने नोव्हेंबर १९८३ मध्ये मंजुरी दिली. त्याआधी ऑक्टोबर १९८१ मध्ये बॉनमध्ये तीन लाखांच्या घरात लोक शांततेसाठी रस्त्यावर उतरले होते. अणुयुद्ध झालेच तर ते आपल्या अंगणात होणार ही भीती तिथल्या मुलांनी लहानपणापासून ऐकलेली होती. नेना या जर्मन पॉप बँडचे फुग्यांचे गाणे त्याच भीतीतून १९८३ साली घरोघर पोचले. वाइकाथने त्याच विषयावर मेटलची सर्वांत वेगवान भाषा वापरली. सत्तेच्या खेळात माणसे मरतात, उजवे-डावे दोघेही त्यात सामील आहेत, आणि दूर अवकाशातून कोणी शत्रू आला तरच ही माणसे वंशाचे भेद विसरून एकत्र लढतील का, असा सवाल गाणे करते. गाण्याच्या पोटात वेग थांबतो, एक शांत, उदास भाग येतो, तिथून गिटारी हळूहळू वर चढतात आणि पुन्हा पहिली धाव पकडतात. ही बांधणी पुढे या शाखेतल्या प्रत्येक लांब गाण्याचा नमुना झाली. राक्षस आणि पिनबॉल यांच्यानंतर असा शेवट येतो, त्यामुळे त्याचा धक्का अधिक बसतो. या अल्बममधले सर्वांत मोठे गाणे हेच, आणि सर्वांत चांगलेही.

हान्सेनच्या आवाजाबद्दल तेव्हापासून आजवर मतभेद आहेत. त्याचा आवाज उंच, चिरका, कधी कधी सुराच्या काठावरून घसरणारा. तो शिकलेला गायक नव्हता; गाणारा दुसरा कोणी नाही म्हणून गाणारा गिटारवादक होता. रंगमंचावर इतक्या वेगाची गिटार वाजवत त्याच वेळी इतक्या उंच पट्टीत गायचे हे काम कोणालाही दमवणारे, आणि हान्सेनलाही ते जड जाऊ लागले. १९८६ साली ‘ज्युडास’ ही तबकडी आली. तिच्या दुसऱ्या बाजूला गेल्झेनकिर्शेनच्या मैफलीत वाजवलेली ‘राइड द स्काय’ आणि ‘गार्डियन्स’ आहेत. त्यांत जोश भरपूर आहे आणि ताणही ऐकू येतो. अखेर बँडने स्वतंत्र गायक घ्यायचे ठरवले. हॅम्बर्गमध्येच इल प्रॉफेसी नावाच्या बँडमध्ये गाणारा मिशाएल किस्के त्यांना मिळाला. त्याचे वय अठरा. आवाजाचा पल्ला थक्क करणारा.

किस्के आल्यावर बँड हॅनोव्हरच्या होरुस स्टुडिओत गेला. दोन तबकड्यांचा एकच मोठा अल्बम काढायची त्यांची इच्छा होती. नॉइझने ती मानली नाही, म्हणून ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’ दोन भागांत आला. त्या दोन भागांनी हेलोवीनला जगभर नेले. नव्या श्रोत्यांना ‘वॉल्स ऑफ जेरिको’ मग कच्चा मसुदा वाटू लागला. हा समज न्याय्य नाही. १९८८च्या ब्रिटनमधल्या मैफलींवरून काढलेल्या ‘लाइव्ह इन द यूके’ अल्बममध्ये किस्केने गायलेले ‘हाऊ मेनी टिअर्स’ आहे. त्याचा आवाज निर्दोष आहे, प्रत्येक स्वर जागच्या जागी. पण मूळ गाण्यात हान्सेन जे ओरडतो ते घाबरलेल्या, चिडलेल्या बावीस वर्षांच्या मुलाचे ओरडणे आहे, आणि युद्धावरच्या त्या गाण्याला तेच शोभते. सुरेलपणात किस्के सरस. या एका गाण्यात हान्सेन खरा.

बँडची पुढची वर्षे कठीण गेली. १९८९ साली हान्सेन बाहेर पडला आणि त्याने गामा रे हा बँड काढला. बँडने नॉइझ सोडून मोठ्या कंपनीची वाट धरली तेव्हा प्रकरण कोर्टात गेले. १९९३ साली किस्के आणि श्विख्टेनबर्ग दोघेही बँडपासून दूर झाले. श्विख्टेनबर्गला स्किझोफ्रेनियाने ग्रासले होते. ८ मार्च १९९५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्याने हॅम्बर्गमध्ये आपले आयुष्य संपवले. ‘वॉल्स ऑफ जेरिको’वरचे ड्रम या गोष्टीनंतर वेगळ्या कानांनी ऐकले जातात. तांत्रिक सफाईत त्याला मागे टाकणारे वादक नंतर बरेच आले, पण वेगातही लय डुलती ठेवण्याची त्याची हातोटी फार थोड्यांना साधली. १९९६चा ‘द टाइम ऑफ द ओथ’ हा अल्बम बँडने त्याला अर्पण केला.

या दरम्यान बीज दूरवर पसरले होते. क्रेफेल्डच्या ब्लाइंड गार्डियनने १९८८च्या ‘बटालियन्स ऑफ फिअर’मध्ये हीच वेगवान, सुरेल पद्धत उचलली आणि पुढच्या अल्बमांवर हान्सेनला पाहुणा म्हणून बोलावले. ब्राझीलचा आंग्रा आपला पहिला अल्बम ‘एंजल्स क्राय’ करण्यासाठी साओ पाउलोहून थेट हॅम्बर्गला आला आणि हान्सेनच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण केले. १९९३चा तो अल्बम दक्षिण अमेरिकेतल्या पॉवर मेटलचा पाया ठरला. फिनलंडचा स्ट्रॅटोव्हेरियस, इटलीचा रॅप्सोडी हे बँड ‘कीपर’कडे अधिक पाहत होते, पण वेगावर लांब स्वर ठेवण्याची त्यांची मूळ युक्ती ‘राइड द स्काय’चीच आहे.

‘वॉल्स ऑफ जेरिको’ पुढे कॉम्पॅक्ट डिस्कवर आला तेव्हा पहिली छोटी तबकडी, ‘ज्युडास’ आणि अल्बम अशी तिन्ही एकत्र मिळू लागली. नव्याने ऐकणाऱ्याने तीच प्रत घ्यावी. १९८५-८६चा हेलोवीन तिच्यात सलग सापडतो. हान्सेन आणि किस्के दोघेही २०१७च्या ‘पंपकिन्स युनायटेड’ दौऱ्यासाठी बँडमध्ये परतले. त्या मैफलींत ‘स्टारलाइट’, ‘राइड द स्काय’, ‘ज्युडास’ आणि ‘हेवी मेटल इज द लॉ’ ही गाणी हान्सेन स्वतः गायचा. सात जणांच्या या नव्या बँडचा ‘हेलोवीन’ याच नावाचा अल्बम जून २०२१ मध्ये आला. त्यावर बँडचा ड्रमवादक दानी ल्योबले याने वाजवलेला ड्रमसंच श्विख्टेनबर्गचा होता. जर्मनीच्या विक्रीच्या यादीत हा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोचला.